पांढऱ्या खोक्यातला लाल टब

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. लाल रबराचा, दोन हात रुंद आणि तळाशी लांबलचक चीर गेलेला. माझ्या अंगात निम्मा भाग ट्रकच्या टायरचा आहे, पाव भाग कुणाच्या तरी गमबुटांचा आहे आणि उरलेलं काय आहे ते कारखान्यालाही माहीत नव्हतं. त्यामुळे घराण्याच्या बढाया मी मारत नाही. पण बोलणं सरळ आहे. जिभेला हाड नसतं म्हणतात. मला तर जीभच नाही, मग मी कुणाचा मुलाहिजा ठेवू?

मी कोरियातल्या बुसान शहरात डोंगराच्या उतारावर राहतो. खाली बंदर, वर आमची गल्ली. गल्ली म्हणजे एकशे अडुसष्ट पायऱ्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटलेली घरं. खालच्या उंच इमारतीत राहणारे लोक म्हणतात, "वर काय सुंदर दृश्य दिसतं." दिसतं. पण गॅसची टाकी खांद्यावर असली की दृश्याकडे कुणी बघत नाही.

माझी मालकीण कू मालसुन. तिच्या नावाचा अर्थ शेवटची पोरगी. चार मुलींनंतर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा तिच्या बापानं हे नाव ठेवून देवाला नोटीस दिली. देवानं नोटीस वाचली नाही. तिच्या पाठीवर आणखी दोन बहिणी झाल्या. मालसुनला नोटिशीची भीती वाटत नाही ती बहुतेक तेव्हापासूनच.

तरुणपणी ती मासळी बाजारात वाम विकायची. जिवंत वाम माझ्या पोटात वळवळायच्या आणि गिऱ्हाईकानं बोट दाखवलं की तीच वाम नेमकी तळाशी जायची. दिवसभर मासळी, संध्याकाळी मीठ लावून मला घासायचं. नोव्हेंबर आला की चाळीस कोबी माझ्यात मिठाच्या पाण्यात झोपायचे, कारण वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, एकदम घालायची असते. उन्हाळ्यात मालसुनची लेक माझ्यात बसून अंघोळ करायची. तिन्ही कामं मी एकाच अंगानं केली. "असा टब आता मिळत नाही," असं बाजारातल्या बायका म्हणायच्या. कौतुक कुणाला आवडत नाही? मीही फुगलो होतो. रबर फुगतंच.

मग मालसुनचा गुडघा गेला. बाजार सुटला. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. मालसुनची आजी झाली आणि शेजारचे तोक्सू आजोबा तिला मदत करू लागले. मदत करू लागले, इथंच सगळं चुकलं.

तोक्सू आजोबा पूर्वी बंदरात हमाल होते, आता रस्त्यावरचे पुठ्ठे गोळा करून विकतात. एका नोव्हेंबरात खारवलेल्या कोबीनं भरलेला मी, आणि मला ओढत पायऱ्या उतरवणारे ते. सतराव्या पायरीवर त्यांचा हात सुटला. उरलेल्या पायऱ्या मी एकट्यानं उतरलो. कोबी माझ्या आधी पोचले.

"फुटला," आजोबा वरून म्हणाले.

"फुटला नाही. तुम्ही फोडलात."

"रबर जुनं झालं होतं, बाई."

"जुने तुम्हीही झालात. तुम्हाला कुणी पायऱ्यांवरून सोडून दिलं का?"

मला वळणावरच्या कोपऱ्यात टाकलं. मित्रांनो, प्रत्येक वस्तीत असा एक कोपरा असतो. एकानं कचऱ्याची पिशवी ठेवली की दुसरा ठेवतो, आणि तिसरा नाक धरून ठेवतो. मी सगळा हिवाळा सडक्या नूडल्सच्या खाली काढला. तीस वर्षं राबलेल्या टबाची ही किंमत. मला तेव्हा फार राग आला होता, आणि खरं सांगतो, तो अजून गेलेला नाही.

वसंतात आजी त्या कोपऱ्यापाशी थांबली. रात्री पाऊस झाला होता. बाकीच्या डब्याडुब्यांत पाणी साचून डास झाले होते. माझ्यात थेंब नव्हता, सगळं चिरेतून निघून गेलं होतं. तिनं मला काठीनं उपडं केलं, चीर बघितली, परत सुलटं केलं.

"पाणी धरत नाही म्हणून टाकला याला," ती स्वतःशीच म्हणाली. "मुळांना तर असाच पाहिजे."

डोंगरामागून तिनं पिशवी पिशवी माती आणली. गुडघ्यामुळे प्रत्येक खेपेला चार वेळा बसली. तोक्सू आजोबा उंबऱ्यावर बसून देखरेख करत होते.

"बाई, टबात कोबी खारवतात. पिकवत नाहीत."

"खारवलेला कोबी तुम्ही पायऱ्यांवर पेरलात. उगवला का?"

दुसऱ्या दिवशी न सांगता आजोबांनी दोन पिशव्या माती आणून ठेवली.

लेट्यूसची पानं, मसालेदार वासाची केन्निपची पानं, कांद्याची पात, चार मिरच्या. एवढं माझ्यात बसलं. खत विकत आणायचं नाही हा आजीचा नियम. तांदळाचं धुवण, अंड्यांची टरफलं, रस्सा करून उरलेली सुक्या माशांची डोकी. आणि एक गोष्ट आणखी, जी सांगताना शहरातली माणसं तोंड फिरवतात. तोक्सू आजोबा रोज सकाळी सोयासॉसच्या रिकाम्या पाच लिटरच्या बाटलीत आपलं योगदान आणून द्यायचे. झाकण लावून दोन आठवडे मुरवायचं, मग एक भाग आजोबा आणि दहा भाग पाणी. शेतकऱ्यांनी हजार वर्षं हेच केलं. लाज कसली? लाज वाटायची असेल तर त्या कोपऱ्यातल्या नूडल्सची वाटावी.

आता या शेतीनं काय झालं ते ऐका. त्याआधी आजीचं दुपारचं जेवण म्हणजे पाण्यात घातलेला भात आणि किमची. पाय सुजायचे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पालेभाजी खा." डॉक्टरांना सांगायला काय जातं? पावसाळ्यात लेट्यूस इतका महागतो की आमच्याकडे लोक थट्टा करतात, पानात मांस गुंडाळण्यापेक्षा मांसात पान गुंडाळा, स्वस्त पडेल. आजीला ना पान परवडायचं ना मांस. माझ्यातून मात्र एप्रिल ते नोव्हेंबर रोज मूठभर पानं निघू लागली. बाहेरचं बाहेरचं पान खुडायचं, मधला कोंब ठेवायचा. मी उधारी मागत नाही, फक्त पाणी मागतो.

तिसऱ्या वर्षी आम्ही अकरा टब झालो. काही फुटके, काही नुसतेच म्हातारे. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिशव्या बंद झाल्या. कुणी फलक लावला नाही, दंड केला नाही. जिथं दुसऱ्याचं जेवण उगवतं तिथं पिशवी टाकायला माणसाचा हात धजत नाही, एवढंच.

वरच्या खोलीत ह्योन्जू राहायची. माशांच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला होती, नवरा नव्हता, सात वर्षांची सोरिन होती. सोरिन पाकिटातल्या नूडल्सशिवाय काही खायची नाही. आजीनं तिला फक्त एवढं सांगितलं, "ही पानं मोठ्या माणसांची आहेत, तू खाऊ नकोस." आठवड्याभरात माझ्या एका बाजूची केन्निप टक्कल पडल्यासारखी दिसू लागली. ह्योन्जू माफी मागायला आली, हातात वड्यांच्या तुटक्या तुकड्यांची पिशवी.

"आजी, हिनं तुमची पानं चोरली."

"चोरू दे. विचारून घेतली असती तर खाल्ली नसती."

तेव्हापासून पानं वर जायची, वड्या खाली यायच्या. वाडगा रिकामा परत करायचा नाही, ही आमची रीत. तोक्सू आजोबांना जुडी मिळायची. ते म्हणायचे, "हे माझंच मला परत मिळतंय." खोटं नव्हतं.

आणि मग आले बे साहेब.

वॉर्ड कचेरीतले. वय तिशीचं, बूट पांढरे. आमच्या डोंगरात पांढरे बूट घालून येणारा माणूस एकतर पाहुणा असतो नाहीतर सरकार. त्यांच्या हातात नारिंगी कागदांची चळत होती. एक कागद त्यांनी माझ्या कपाळावर चिकटवला.

"आजी, हे सगळे टब हलवावे लागतील. वीस तारखेच्या आत. नाहीतर गाडी येऊन उचलेल."

"का रे बाळ?"

"सार्वजनिक वाटेत अडथळा आहे."

"इथं नऊ वर्षं कचऱ्याच्या पिशव्या होत्या. त्यांना कुणी कागद चिकटवला नाही."

"कचरा दुसऱ्या विभागाकडे येतो."

"आणि आत्ताच कसा दिसला तुम्हाला हा अडथळा?"

बे साहेबांनी घाम पुसला. "पंचवीस तारखेला परीक्षक येणार आहेत. शहरी शेतीची स्पर्धा आहे. वर समाजगृहाच्या गच्चीवर आपलं शेत आहे ना, ते बघायला. याच पायऱ्यांनी वर जाणार. गल्ली नीट दिसायला हवी."

आजीनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "म्हणजे शेत बघायला माणसं येणार, म्हणून शेत काढायचं."

"हे शेत नाही, आजी. हे टब आहेत."

मित्रांनो, मी तीस वर्षांत वामांचे चावे सोसले. पण हे वाक्य अजून माझ्या रबरात रुतलेलं आहे.

अकरा टब गेले तर आजीच्या ताटात पुन्हा पाण्यातला भात. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आजोबांनाही कळत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन कचेरीत गेली. मी गेलो नाही, मला कुणी नेलं नाही, पण परत आल्यावर तिनं आजोबांना सगळं सांगितलं ते मी ऐकलं.

"गच्चीवर चोवीस खोकी आहेत म्हणे. पांढरी, लाकडाची. एक मला द्या म्हटलं. तर कचेरीतली पोरगी म्हणते, या ठिपक्यांच्या चौकोनावर मोबाइल धरा आणि अर्ज भरा."

"मग धरलास का?"

"धरला की. माझा मोबाइल मिटतो आणि उघडतो. तेवढंच करतो. मग पोरगी म्हणाली, तसंही सोडत फेब्रुवारीत झाली."

"खोकी कुणाला मिळाली?"

"खालच्या उंच इमारतीतल्या लोकांना. गवताच्या टोप्या घालून एकदा आले, फोटो काढले, गेले."

मला त्या लोकांचा राग नाही. त्यांना शेती हौस म्हणून हवी होती. हौस रविवारी येते आणि सोमवारी विसरते. पण रोजच्या ताटासाठी शेती करणाऱ्या बाईला अडथळा म्हणायचं आणि विसरणाऱ्याला शेतकरी म्हणायचं, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

एकोणीस तारखेची दुपार. दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. आजी बसून राहिली होती. तेवढ्यात पांढरे बूट पायऱ्या चढताना दिसले. ते आता पांढरे नव्हते.

"आजी, जेवलात का?" बे साहेब म्हणाले.

"जेवले. तुझ्या अडथळ्याचीच पानं होती."

"आजी, एक विनंती होती. वरची पिकं जरा... थकली आहेत."

"मेली."

"थकली आहेत."

"मेलीत," तोक्सू आजोबा उंबऱ्यावरून म्हणाले. "काल पुठ्ठे आणायला गेलो होतो, तेव्हा बघितलं. चोवीस खोकी, चोवीस मयती."

झालं होतं ते असं. गच्चीवरच्या नळाला कुलूप होतं. शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद झाली की कुलूप लागायचं, ते सोमवारी सकाळी निघायचं. जूनच्या उन्हात काँक्रीटवर ठेवलेल्या रोपांना शनिवार-रविवारची सुटी मिळाली, ती कायमची. एकाही माणसाच्या मनात आलं नाही की लेट्यूस सरकारी नोकर नाही.

"पुढच्या खोक्यासाठी एक टब उसना द्याल का?" बे साहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "एकच दिवस. सगळ्यात हिरवा. बाकीच्यांत नर्सरीतली फुलं लावू."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

"कागद काढ आमच्यावरचे," आजी म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही. मुदत वाढवू शकतो. तीस तारखेपर्यंत."

"म्हणजे आधी वरात, मग फाशी."

"आजी, वरून माझ्यावरही दडपण आहे हो."

आजीनं त्याच्याकडे पाहिलं. तो घामानं निथळला होता आणि त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. "टब देते," ती म्हणाली. "पण त्याच्याबरोबर मी येणार. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं ते टबाला कळतं."

"स्वयंसेविका म्हणून येता येईल. टोपी आणि ॲप्रन मिळेल."

"घोंगडं दिलंस तरी घालते."

पंचवीस तारखेला कचेरीतले चार तरुण दोरखंड आणि बांबू घेऊन आले आणि मला वरातीतल्या नवरदेवासारखं वर नेलं. चौघे सहाव्या पायरीवर थांबले, बाराव्या पायरीवर थांबले, मग दर दोन पायऱ्यांवर थांबले. तोक्सू आजोबा मागून सूचना देत होते.

"गुडघ्यातून उचला, कमरेतून नाही."

"आजोबा, तुम्हीच धरा मग."

"मी एकदा धरला होता. विचारा त्यालाच."

वर गेल्यावर कळलं की मी दोन हात रुंद आणि खोकं दीड हात. मग करवत आली. खोक्याची मागची फळी कापून मला आत कोंबलं, पुढून पांढरा रंग, मागून उघडं रबर. समोर पाटी लावली, 'आमचं आनंदी शेत', खाली एका कुटुंबाचं नाव, जे मला कधी भेटलं नाही. माझ्या शेजारच्या खोक्यांत नर्सरीची फुलं खोचलेली होती. एका फुलाला किमतीची चिठ्ठी तशीच होती. आजीनं जाता जाता ती काढून खिशात टाकली.

परीक्षक तीन होते. त्यांच्यातल्या मुख्य बाई ओ क्योंगरान. आयुष्यभर शेतकी खात्यात काढलेल्या, नखांत माती असलेल्या. बाकी दोघांनी फुलांचे फोटो काढले. बाईंनी सरळ माझ्यात बोट खुपसलं. पार दुसऱ्या पेरापर्यंत.

"ही माती या खोक्याइतकी नवी नाही," त्या म्हणाल्या.

बे साहेब पुढे झाले. "रहिवाशांनी आधुनिक पद्धतीनं तयार केलेलं माध्यम आहे, बाई."

"खत कुठलं?"

"सेंद्रिय. म्हणजे प्रमाणित. म्हणजे..."

शेजारी चाखायला टेबल मांडलं होतं. भात, आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, लसणाच्या चकत्या, हिरवी मिरची आणि माझी पानं. टोपी-ॲप्रनमधली आजी तिथं उभी होती. तिनं तळहातावर लेट्यूसची दोन पानं घेतली, वर केन्निप, त्यावर भाताचा गोळा, वाटण, लसूण, एक अख्खी मिरची. तुम्ही विडा बांधता तशी पुडी बांधली, मुठीएवढी. आणि ती बे साहेबांच्या तोंडाशी धरली.

"आ कर."

मित्रांनो, आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईनं पानाचा घास तोंडाशी धरला की नाही म्हणता येत नाही. अर्धा चावता येत नाही. बाहेर काढणं तर महापाप. एका दमात आत घ्यायचा आणि संपेपर्यंत बोलायचं नाही. बे साहेब चांगल्या घरचे होते. त्यांनी आ केला.

"खत मी सांगते, बाई," आजी म्हणाली.

बे साहेबांचे डोळे मोठे झाले. गाल त्याआधीच झाले होते.

आजीनं सगळं सांगितलं. तांदळाचं धुवण, टरफलं, माशांची डोकी. आणि मग, कसलाही आडपडदा न ठेवता, तोक्सू आजोबांची बाटली. एक भाग आजोबा, दहा भाग पाणी. एका परीक्षकानं हातातलं पान हळूच ताटात ठेवलं. दुसऱ्यानं खिशातला रुमाल शोधला. ओ बाईंच्या हातातलं पान तोंडापर्यंत आलं होतं, तिथंच थांबलं.

"किती दिवस मुरवता?"

"दोन आठवडे. झाकण लावून."

"आणि खुडायच्या किती आधी बंद?"

"पंधरा दिवस. एका बाजूला खत, तेव्हा दुसऱ्या बाजूची खुडणी."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि पान खाल्लं. "माझी आई असंच करायची."

मिरची आता बे साहेबांना भेटली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. परीक्षकांच्या मागून एक पत्रकार आला होता, त्याला वाटलं, शेतीप्रेमानं गहिवरलेत. त्यानं फोटो काढला. बे साहेबांनी कसाबसा घास उतरवला, बोलायला बोट वर केलं, आणि समोर दुसरी पुडी तयार होती.

"आणखी एक घे, बाळा. कामानं बारीक झालास."

बाईंनी पांढऱ्या फळीवर टकटक केलं. मग वळसा घालून मागे गेल्या. मी तिथं उघडा होतो, लाल, टायरच्या रंगाचे डाग असलेला, आणि कपाळावर नारिंगी कागदाचा अर्धा तुकडा. तो फाडायचा राहून गेला होता.

"हा टब कुठला?"

"चाळीस पायऱ्या खालचा. माझा," आजी म्हणाली. "आणखी दहा आहेत. तीस तारखेपर्यंत आहेत. बघायचे असतील तर आत्ताच बघा."

बाई बाकीच्यांची वाट न बघता पायऱ्या उतरल्या. पुढचं सोरिनच्या आईनं नंतर आजीला सांगितलं, ते मी ऐकलं. बाईंनी दहाही टबांत बोट खुपसलं, दहाही कागद वाचले आणि विचारलं, "हे कुणी चिकटवलं?" बे साहेब मागून धावत आले होते, दुसरा घास अजून तोंडात होता. बोलता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

"तुम्हाला काय हवं आहे?" परत वर येऊन बाईंनी आजीला विचारलं. "खोकी? बी? प्रशिक्षण?"

"नळ," आजी म्हणाली. "आम्ही घरातून बादल्या वाहतो. गुडघे आमचे गेलेत, रोपांचे नाहीत. एक नळ, आणि त्याला कुलूप नको."

वॉर्डाला बक्षीस मिळालं नाही. तीस तारखेला गाडी आली नाही. बे साहेब एकटे आले, जुने बूट घालून, आणि पायरीवर बसून नखांनी कागद खरवडू लागले. गोंद सरकारी होता, निघता निघेना.

"ओरडा पडला का?" आजीनं विचारलं.

"पडला."

"जेवलास का?"

"आजी, कृपा करून घास नको."

ती हसली. तो काही वेळ खरवडत राहिला, मग म्हणाला, "आता वाटेतल्या पिकांना अडथळा धरायचं नाही, असं पत्र आलंय. पण आजी, वळणावरचे दोन टब खरंच हलवा. तिथून स्ट्रेचर जात नाही. उद्या तोक्सू आजोबांनाच काही झालं तर?"

आजोबा उंबऱ्यावरून म्हणाले, "मला काही होत नाही."

"तुम्हाला व्हायला वेळ लागत नाही," आजी म्हणाली, आणि तिनं त्याच दिवशी दोन्ही टब आपल्या कौलाखालच्या कट्ट्यावर चढवून घेतले. खरं बोलणाऱ्याचं ऐकायचं, मग तो कचेरीतला का असेना. मला हे पटायला जरा वेळ लागला.

नळ आला अकरा महिन्यांनी. नळ एक विताचा, त्यामागची पाटी दोन हातांची. पाटीवर सात साहेबांची नावं आहेत, आजीचं नाही. सोरिन शाळेतून आली की त्या पाटीवर ओली केन्निप वाळत घालते, तेवढा तिचा उपयोग झाला.

मित्रांनो, मला उपदेश जमत नाही, पण एवढं ऐका. फुटकी वस्तू फेकण्याआधी तिच्यात माती राहते का बघा. आणि कुण्या गरीब बाईनं दारात चार पानं लावली असतील तर तिला शेती शिकवायला जाऊ नका, फोटो काढू नका, पांढरी खोकी नेऊ नका. तिच्यासमोर खाली बसा आणि विचारा, तुझं काय अडलंय. ती सांगेल ते फार थोडं असतं. पण ते ऐकायला बसावं लागतं, आणि बसायला कुणाला वेळ नसतो, हाच माझा राग आहे.

आता मी थांबतो. ऑगस्ट लागलाय, आजीनं सकाळीच माझ्यात मुळ्याचं बी पेरलंय. तिचा गुडघा म्हणतो रात्री पाऊस आहे, आणि आजोबा म्हणतात नाही. दोघं मघापासून भांडताहेत, आणि बी ऐकतंय.